हुडाक यांची एक चूक कमी करण्याबाबत

केळं हे शास्त्राच्या हिशेबाने बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही, हे ज्याला ठाऊक असतं त्या माणसाला ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. लेनर्ड प्रुइट हा त्यातला. ड्रायफोर्क गावात त्याच्या शेजारी बसून फळं खायला लोक कचरत. दिवसभर तो नगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यात बसून लोकांची चुकलेली बिलं दुरुस्त करी. उन्हाळ्यात मात्र संध्याकाळी ड्रायफोर्क बीव्हर्स या गावच्या बेसबॉल संघाच्या मैदानावर माईक त्याच्या हातात येई. सामन्याच्या नऊ डावांपैकी पाचवा संपला की लेनर्ड एक सामान्यज्ञानाचा प्रश्न विचारी आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला परतलेला कांदा आणि ढोबळी मिरची घातलेला सॉसेजचा पाव फुकट मिळे. हा कारभार अकरा वर्षं चालू होता. या कामाबद्दल त्याला मानधन नव्हतं, मान होता. निदान त्याची तशी समजूत होती.

पण ज्ञान अथांग असलं तरी प्रश्न संपतात. नव्या चेंडूंची चकाकी घालवायला कुठल्या नदीचा चिखल चोळतात, टोपीखाली थंडाव्यासाठी कोबीचं पान ठेवून कोण खेळायचा, तेहतीस डाव चाललेला सामना कुठे झाला, हे सगळं विचारून झालं होतं. लोकांना उत्तरं तोंडपाठ झाली होती. फीनी नावाचा दाताचा डॉक्टर एकट्याने एवढे सॉसेज जिंकला होता की त्याला पॅन्ट नव्या शिवाव्या लागल्या. तेव्हा जूनमधल्या एका शुक्रवारी लेनर्डने संघाच्या विक्रमांची जुनी यादी काढली आणि त्यातून एक ताजा प्रश्न उचलला. एकाच डावात चार चुका करणारा आपला बीव्हर कोण? धरता येण्यासारखा चेंडू सुटला की स्कोअरर, म्हणजे सामन्याची नोंद ठेवणारा, ती चूक खेळाडूच्या नावावर लिहितो.

उत्तर होतं स्टीफन हुडाक, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा शॉर्टस्टॉप, साल एकोणीसशे त्रेसष्ट. हे स्टीफन हुडाक म्हणजे लेनर्डचे सख्खे सासरे. वय ब्याऐंशी. ते त्या क्षणी तिसऱ्या रांगेत, नातीला शेजारी घेऊन बसलेले होते.

असं करायची बुद्धी माणसाला होते तरी कशी, असं कोणीही विचारेल. पण लेनर्डचं तर्कशास्त्र सरळ होतं. विक्रम तो विक्रम. यादीत सगळ्यांत वर नाव असणं ही मानाची गोष्ट, मग यादी कसली का असेना. त्याला वाटलं होतं की सासरे उभे राहतील, टोपी हलवतील, लोक टाळ्या वाजवतील.

प्रत्यक्षात मोठ्या पडद्यावर सासऱ्यांचा एकविसाव्या वर्षीचा फोटो झळकला. त्यात त्यांचे कान फार पुढे आलेले होते. दोन हजार लोक हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "हुडाककाका, हातातला ग्लास सांभाळा हो." नातही हसली आणि मग घाबरून गप्प झाली. सासरे उठले, बसायची उशी काखेत मारली आणि चालू लागले. गेल्या एक्केचाळीस वर्षांत त्यांनी गावातला एकही सामना चुकवला नव्हता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते चाकाच्या खुर्चीतून आले होते. ते सहाव्या डावाआधी मैदानातून बाहेर पडले हे बघून दरवाजावरच्या तिकीटवाल्याने आधी रुग्णवाहिकेला फोन केला.

"तू माझ्या बापाला माईकवरून ढ ठरवलंस," घरी आल्यावर बर्नडेट, म्हणजे लेनर्डची बायको, म्हणाली.

"मी त्यांना विक्रमवीर ठरवलं."

"लेन, आता मी जे बोलणार आहे ते तुला ऐकवणार नाही. तू गॅरेजमध्ये जाऊन बस, मी भिंतीला सांगते."

रविवारी खरा निकाल लागला. सासूबाई गेल्यापासून दर रविवारी सासरे स्वतः बटाटा-चीजचे पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, करत, कडा चिमटून चिमटून बंद करत आणि कांदा घालून लोण्यात परतून सगळ्या कुटुंबाला वाढत. त्या रविवारी लेनर्डला जेवायला बोलावणं नव्हतं. बर्नडेटने येताना त्याचा वाटा तेवढा आणला. ते सुपरमार्केटमधलं गोठवलेलं पाकीट होतं, न उघडलेलं, आणि त्यावर सासऱ्यांच्या अक्षरात 'लेनर्डसाठी' असं लिहिलेलं होतं. तेवीस वर्षांच्या संसारात लेनर्डचा असा अपमान कोणी केला नव्हता. त्याने ते पिरोगी उकळले आणि मुकाट्याने खाल्ले. ते चिवट निघाले.

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला गेला. सासरे जाळीच्या दाराआडूनच बोलले.

"चार नव्हत्या. तीन होत्या."

"पॉप, यादीत तर..."

"यादी गेली खड्ड्यात. पहिला चेंडू खड्याला लागून उसळला आणि इथे बसला, हनुवटीवर. तो देवाच्या बापालाही धरता आला नसता. ती फलंदाजाची हिट होती. पुढच्या तीन माझ्या, मी नाही म्हणत नाही. हनुवटी सुजलेला माणूस दुसरं काय करणार?"

"मग ती चूक तुमच्या नावावर लिहिली का?"

"लिहिणारी बाई सॉसेज घ्यायला गेली होती. साठ वर्षं मी काही बोललो नाही, कारण साठ वर्षं कोणी विचारलं नाही. तू विचारलंस, भोंग्यावरून विचारलंस. आता जोवर तिथे चार लिहिलंय तोवर मी त्या मैदानात पाय ठेवणार नाही. जा, जावईबापू, पाकीट संपलं असेल तर दुकान उघडं आहे."

लेनर्डला उलट हायसं वाटलं. एक चूक कमी करायची, एवढंच ना? चाराचे तीन. अहो, तो रोज सकाळी चहाच्या आधी लोकांच्या बिलातले शेकडो गॅलन कमी करायचा. आठवड्याभराचं काम, असं त्याने बर्नडेटला छातीठोकपणे सांगितलं. ऑगस्टअखेर हंगामातला गावचा शेवटचा सामना होता, त्याआधी पॉप तिसऱ्या रांगेत बसलेले असतील, असंही वर जोडलं.

"नसले तर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणालाही तुझं पाकीटच," बर्नडेट म्हणाली.

बातमी कुंपणापलीकडे जायला वेळ लागत नाही. डाव्या बाजूच्या घरात गस पापास राहत, हॉटेल मुलाच्या हवाली करून आता अंगणात मांस भाजत बसत. ते चिमटा हातात घेऊनच आले.

"तू कागदपत्रात शिरू नकोस. दहा साक्षीदार उभे कर. मी येतो. मी सांगतो, हिट होती, डोळ्यांनी पाहिली."

"गस, त्रेसष्ट साली तुम्ही ग्रीसमध्ये होता."

"म्हणून तर माझी साक्ष निःपक्षपाती."

उजवीकडच्या थेल्मा ऑट कोर्टात कारकून होत्या. त्यांनी साक्षीदारांचं नाव ऐकताच कानांवर हात ठेवले. सगळं लेखी हवं, शिक्क्यानिशी हवं, तीन प्रतींत हवं आणि निळ्या शाईत हवं. काळ्या शाईमुळे एका माणसाचा घटस्फोट सात महिने लांबला होता, असं त्यांनी सांगितलं. लेनर्डने मधल्या काळात त्या जोडप्याचं पुन्हा जमलं का असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "जमलं. तेच तर वाईट झालं."

त्रेसष्ट सालची लीग केव्हाच बुडाली होती. तिची दप्तरं दुसऱ्या एका लीगकडे गेली होती आणि त्या लीगच्या कार्यालयात अर्जांना उत्तरं देणारं कोणीतरी अत्यंत सभ्य माणूस होतं. पहिल्या उत्तरात त्याने कळवलं की स्कोअररच्या निर्णयाविरुद्धचा अर्ज सामना संपल्यापासून चोवीस तासांत यावा लागतो. आपला अर्ज एकसष्ट वर्षं उशिरा आला आहे, विलंबाचं कारण द्यावं. लेनर्डने कारण लिहिलं, 'अर्जदाराचा जन्म झालेला नव्हता.' दुसरं उत्तर आलं की कारण समाधानकारक आहे, मात्र अर्जदार खेळाडू किंवा संघाचा पदाधिकारी असावा लागतो, आपण कोण? लेनर्डने लिहिलं, जावई. तिसऱ्या उत्तरासोबत एक छापील नमुना आला. त्यात जावई असा रकानाच नव्हता. 'मैदानावरील विक्रेता' असा होता.

शेवटी त्याने फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मूळ स्कोअररने सही करून चूक कबूल केली आणि मूळ वहीच्या त्या पानाची प्रत जोडली, तर बदलता येईल."

"मूळ स्कोअरर हयात असेल का?"

"ते आमच्या खात्याकडे येत नाही."

वही सापडायला सोपी होती. ती जिल्ह्याच्या इतिहास मंडळाकडे होती आणि मंडळ दर मंगळवारी दहा ते बारा उघडं असे. तिथे क्लिफर्ड ब्रीम नावाचे गृहस्थ बसत. ते निवृत्त भूमिती शिक्षक होते आणि त्यांच्यापुढे उभं राहिलं की कुणालाही आपण गृहपाठ केलेला नाही असं वाटे. त्यांनी लेनर्डला पांढरे सुती हातमोजे घालायला लावले, पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली आणि वही स्वतःच उलगडली. म्हणजे हातमोजे नक्की कशासाठी हे कळलं नाही.

पान सापडलं. सातवा डाव, पहिला चेंडू. आणि नेमक्या त्या चौकोनावर मोहरीच्या चटणीचा वाळलेला तपकिरी डाग होता, बोटाएवढा.

"हा जरा खरवडता येईल का?" लेनर्डने विचारलं.

क्लिफर्ड ब्रीम यांनी चष्मा काढला. "तो डागही साठ वर्षांचा आहे. म्हणजे तोही इतिहास आहे. खरवडायचा तर जतन समितीची परवानगी लागेल. समितीत तिघे आहेत. एक अलास्काला मासेमारीला गेलेत, येतील ऑगस्टमध्ये."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण ज्ञान कधी दगा देईल सांगता येत नाही. लेनर्ड म्हणाला, "गंमत म्हणजे आपल्या मैदानावर तपकिरी मोहरी एकाहत्तर सालापर्यंत मिळतच नव्हती. तोवर फक्त पिवळी. मी यावर एकदा प्रश्नही विचारला होता."

ब्रीम यांनी डागाकडे पाहिलं, मग लेनर्डकडे पाहिलं.

"म्हणजे एकाहत्तरनंतर कोणीतरी या वहीवर जेवलं."

"तसं नाही..."

"ही वही आमच्याकडे सत्तर सालापासून आहे, मिस्टर प्रुइट. म्हणजे या खोलीत जेवलं."

वही तिथल्या तिथे कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं आणि चौकशी सुरू झाली. मंडळाच्या चार वृद्ध सदस्यांकडून मोहरीबद्दल लेखी खुलासे मागवण्यात आले. त्यांतल्या एका बाईंनी रागाने राजीनामा दिला, आणि त्या बाई नेमक्या थेल्मा ऑट यांच्या बहीण निघाल्या. त्यानंतर उजव्या कुंपणावरून सल्ला येणं बंद झालं. जुलै असा गेला. रविवारी पाकिटं येतच होती. आता लेनर्ड ती लोण्यात परतायला शिकला होता, तरी त्यांचा चिवटपणा जात नव्हता.

राहिली स्कोअरर. जुन्या वर्तमानपत्रावरून नाव मिळालं, यूनिस फेअर्ली. त्या चक्क हयात होत्या, नव्वद वर्षांच्या होत्या आणि तीन मैलांवरच्या वृद्धाश्रमात पत्ते खेळत होत्या. लेनर्ड गेला तेव्हा त्यांनी त्याला आधी डाव संपेपर्यंत उभं ठेवलं.

"मी लग्नं आणि केक यांच्याबद्दल लिहायची," त्या म्हणाल्या. "खेळाचं पान लिहिणाऱ्याला गालगुंड झालं, म्हणून संपादकांनी मला पाठवलं. सातव्या डावात भूक लागली. पेपरात काम करणाऱ्या बाईलाही भूक लागते. खाली जाऊन सॉसेज घेतलं आणि वर येते तो लोक ओरडत होते आणि तो हुडाक हनुवटी धरून बसला होता."

"म्हणजे तुम्ही पाहिलंच नाही?"

"नाही पाहिलं. साठ वर्षांत हे विचारणारा तू पहिला."

"आणि ती तपकिरी मोहरी..."

"माझीच. त्या मैदानावरची पिवळी मोहरी म्हणजे नुसता रंग. मी घरून बाटली न्यायची पर्समधून. का, पान खराब झालंय का?"

लेनर्डला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. एका वाक्यात चार वृद्ध निर्दोष सुटले होते. त्याने कागद पुढे केला. निळी शाई, तीन प्रती. त्यांनी सह्या केल्या आणि तिसऱ्या प्रतीवर पेन थांबवलं.

"तुझं आडनाव प्रुइट म्हणालास ना? मग तुझ्या घरच्यालाच विचारायचंस. शेजारी बसलेल्या मुलाला मी विचारलं, काय लिहू? घोट्याला प्लास्टर होतं त्याच्या. तो म्हणाला, चूक, चूक, लिहा लवकर. भारी घाई होती त्याला. हॅरल्ड प्रुइट."

हॅरल्ड म्हणजे लेनर्डचे वडील. जाऊन नऊ वर्षं झाली होती. हुडाक शॉर्टस्टॉप आणि हॅरल्ड त्यांच्या शेजारी दुसऱ्या बेसवर, अशी ती दोघांची जोडी होती. हॅरल्ड आयुष्यभर सांगत आले, 'माझ्या पंजात डिंक आहे.' लेनर्ड त्याच डिंकावर वाढला होता. स्वतः त्याला कधी झेल धरता आला नाही, पण आपल्या घराण्यात कोणीतरी धरत होतं एवढं त्याला पुरत असे. त्या प्लास्टरच्या गोष्टीचा अर्थ त्याला लागला नाही. लावायचा त्याने फारसा प्रयत्नही केला नाही.

अर्थ लावला क्लिफर्ड ब्रीम यांनी. यूनिसबाईंच्या कबुलीने मोहरीची चौकशी मिटली, त्यांनी कपाट उघडून पानाची प्रत दिली आणि ऑगस्टच्या तिसऱ्या मंगळवारी लीगचं पत्र आलं. चूक रद्द, हिट मंजूर. ब्रीम यांनी विक्रमांची यादी नव्याने तयार केली, कारण यादीत फक्त पहिलं नाव छापलेलं असे आणि आता पहिला कोण हे वह्या उलटून बघावं लागणार होतं. ते त्यांनी मन लावून केलं.

"अभिनंदन, मिस्टर प्रुइट. हुडाक तीनवर आले. एका डावात तीन चुकांचा आणखी एक मानकरी आहे. साल बासष्ट. विक्रम आता दोघांचा." त्यांनी कागद फिरवून समोर धरला. "हॅरल्ड प्रुइट, दुसरा बेस."

लेनर्ड खुर्चीत बसला. म्हणजे बासष्ट साली बाबांनी तीन चुका केल्या, विक्रम बाबांच्या डोक्यावर बसला. त्रेसष्ट साली मित्र तिकडे हनुवटी धरून बसला असताना बाबांनी बाईंना घाईघाईने सांगितलं, लिहा लवकर. आणि तो विक्रम साठ वर्षं पॉपच्या डोक्यावर जाऊन बसला. डिंक कसला आणि काय कसलं. लेनर्डला रडू येईल असं वाटलं. वडील गेले तेव्हाही त्याला एवढं एकटं वाटलं नव्हतं.

गस पापास यांनी कुंपणावरून निकाल दिला. "कोणाला सांगितलंस? नाही ना? मग सांगू नकोस. म्हाताऱ्याला म्हण, तुमची एक गेली, या मैदानावर. आणि शनिवारी केळ्यावरचा तो प्रश्न विचार."

लेनर्डने तीन दिवस केळ्याचाच विचार केला. मग शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर तो सासऱ्यांच्या ओसरीवर गेला आणि जाळीच्या दाराला उद्देशून सगळं सांगून टाकलं. प्लास्टर, घाई, बासष्ट साल, काहीही न वगळता. "पॉप, तुमचं हसं माझ्या बापाने केलं आणि मग मी केलं. आम्ही दोघांनी मिळून केलं. मला वाईट वाटतं," तो म्हणाला. पत्र त्याने दाराच्या फटीतून आत सरकवलं.

आत बराच वेळ कागदाचा आवाज येत राहिला.

"शनिवारी सामना किती वाजता?" सासऱ्यांनी विचारलं.

"सात."

"हं," असं म्हणून त्यांनी आतलं लाकडी दार लावून घेतलं.

शनिवारी तिसऱ्या रांगेत उशी होती आणि उशीवर सासरे होते. शेजारी नात, पलीकडे बर्नडेट. पाचवा डाव संपला. लेनर्डने विचारलं, "एकाच डावात तीन चुका करण्याचा आपल्या संघाचा विक्रम दोघांच्या नावावर आहे. ते दोन बीव्हर कोण?"

फीनी डॉक्टर अर्धवट उठले, एकच नाव ठाऊक असल्याचं लक्षात येऊन परत बसले. मग तिसऱ्या रांगेत सासरे गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले आणि माईकशिवाय, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हॅरल्ड प्रुइट." थोडं थांबले. "आणि मी."

पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी आले. लोक हसले, पण या वेळी सासरेही हसत होते आणि टोपी हलवत होते. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या.

सातव्या डावात लेनर्ड खाली गेला. सासऱ्यांनी बाजूला सरकून जागा करून दिली आणि जिंकलेल्या सॉसेजच्या पावाचा अर्धा तुकडा त्याच्या हातात ठेवला. दोघे काही वेळ खात बसले.

"बासष्टची तिसरी," सासरे मैदानावरची नजर न हलवता म्हणाले. "माहीत आहे का काय झालं होतं? मी चेंडू फेकला त्याच्याकडे. वाकडा फेकला, पार गुडघ्याच्या खाली. तो कोणालाच धरता आला नसता. सगळे म्हणाले, प्रुइटने सोडला. मी गप्प बसलो. तो पण गप्प बसला. घरी जाताना माझ्याच गाडीतून आला, एक शब्द बोलला नाही."

लेनर्डचा घास तोंडातच राहिला. "म्हणजे ती तुमची होती?"

"माझी होती. पुढच्या वर्षी त्याने परत केली, एवढंच. मला तेव्हाच कळलं होतं, वर कठड्याशी कोण बसलंय ते मला दिसत होतं." त्यांनी ओठांवरची मोहरी पुसली. "तुझ्या बापाच्या दोनच होत्या, लेनर्ड. हात चांगले होते त्याचे."

लेनर्डचा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. बाबांची एक वजा, पॉपची एक अधिक, म्हणजे विक्रम पुन्हा एकट्या पॉपकडे, मूळ स्कोअररचा शोध, तीन प्रती. सासऱ्यांनी त्याचं मनगट धरून हात खाली दाबला.

"लिहायचं नाही," ते म्हणाले. "दोघांच्या नावावर आहे, तसंच राहू दे. उद्या जेवायला ये."